जांभळट निळी आणि पोपटी शाई घेताना या चुका टाळा

फाउंटन पेनच्या शाईची बाटली उजेडात धरून रंग ठरवू नका. जांभळट निळ्या शाईत तर अजिबात नाही, कारण बाटलीत ती काळीच दिसते. पोपटी शाईसुद्धा काचेत गडद हिरवी दिसते आणि कागदावर ओढली की एकदम उजळते. मोबाइलवर पाहून मागवणाऱ्यांची फसगत वेगळी. कॅमेऱ्याला जांभळट निळा नीट पकडता येत नाही. त्यातला जांभळा गळतो आणि पडद्यावर साधी निळी शाई दिसते.

पायलट या जपानी पेनकंपनीच्या इरोशिझुकू शाईमालिकेतली ‘असागाओ’ घ्या. जपानीत असागाओ म्हणजे मॉर्निंग ग्लोरीचं फूल, आणि शाईचा रंग आपल्या गोकर्णाच्या जवळचा. सकाळी खिडकीशी बसून लिहिलं की ती निळी भासते, रात्री पिवळ्या दिव्याखाली तीच ओळ जांभळ्याकडे झुकते. म्हणून कान साफ करायच्या कापसाच्या काडीने तुमच्याच वहीवर एक पट्टा ओढा, तो पूर्ण वाळू द्या आणि दिवसा व रात्री दोन्ही वेळा बघा. ओल्या पट्ट्यावरून मत बनवू नका, वाळल्यावर रंग बदलतो. वॉटरमनची सेरेनिटी ब्लू, जिचं जुनं नाव फ्लोरिडा ब्लू, ओली असताना निळी वाटते आणि वाळताना तिच्यात जांभळी छटा उतरते. पहिल्यांदाच असा रंग घेणाऱ्याला मी हीच सुचवतो. पेन धुवायला सोपी आणि वागायला सौम्य आहे.

पोपटी रंगाची अडचण निबेत आहे. इरोशिझुकू मालिकेतलीच ‘चिकुरिन’, म्हणजे बांबूचं बन, जाड निबेतून फार देखणी उतरते. अक्षराच्या ज्या टोकाला शाई साठते तिथे गडद हिरवी, बाकी कोवळ्या पालवीसारखी. तीच शाई मी बारीक जपानी निबेत भरली आणि महिनाभर रोजनिशी लिहिली. आज ती पानं वाचताना डोळे ताणावे लागतात, संध्याकाळच्या दिव्यात तर ओळीच हरवतात. जपानी एफ (बारीक) निब युरोपीय एफपेक्षा बारीक असते हे मी लक्षात घ्यायला हवं होतं. पोपटी शाई हवीच असेल तर तिला एम (मध्यम) किंवा बी (जाड) निब द्या.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पेन न धुता रंग बदलल्यामुळे. जांभळट निळी संपली, लगेच हिरवी भरली, की पहिली दोन पानं शेवाळी, मळकट रंगाची निघतात. मग लोक हिरव्या शाईला दोष देतात. दोष जिभेत, म्हणजे निबेखालच्या शाई पोचवणाऱ्या भागात, अडकलेल्या जुन्या शाईचा असतो. पाणी स्वच्छ दिसायला लागलं म्हणजे पेन धुतलं गेलं असं समजू नका. निब टिपकागदावर टेकवून ठेवा. ओल्या डागाच्या कडेला फिकट जांभळं वर्तुळ उमटलं तर अजून धुवायचं आहे. जिभेच्या फटींतली शाई साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवल्यावरच सुटते. गरम पाणी वापरू नका, प्लास्टिक वाकतं.

नूडलर्स कंपनीच्या ‘बेस्टेट ब्लू’ या जांभळट निळ्या शाईबद्दल वेगळं सांगायला हवं. या छटेतली इतकी तेजस्वी शाई क्वचितच मिळते, म्हणून मोह होतो. पण ती अल्कधर्मी आहे. दुसऱ्या शाईशी गाठ पडली तर साका धरून पेन तुंबू शकतं, आणि पारदर्शक पेनाच्या अंगावर तिचे डाग राहतात. तिच्यासाठी एक स्वस्त पेन कायमचं बाजूला ठेवा.

रंग जितका गर्द, तितका वाळायला वेळ. अक्षरांवर लालसर चमक मारणाऱ्या निळ्या शाया गुळगुळीत कागदावर दुसऱ्या दिवशीसुद्धा अंगठ्याला लागतात. डावखुऱ्यांनी तर आधी अंगठा फिरवून पाहावाच. उलट स्वस्त वहीचा कागद शाई पितो, ती धाग्याधाग्यांतून फुटते आणि मग कुठलीच छटा उरत नाही.

हिरव्या सहीबद्दलही एक गैरसमज आहे. राजपत्रित अधिकाऱ्याची सही हिरवी असते हे आपण लहानपणापासून दाखले साक्षांकित करून घेताना पाहिलं. पण केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीनुसार सर्वांनी निळी किंवा काळी शाई वापरायची असते. हिरवी किंवा लाल वापरायची मुभा सहसचिव आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांनाच, तीही क्वचित प्रसंगी. तेव्हा अर्ज, धनादेश, उत्तरपत्रिका यांच्यासाठी साधी निळी किंवा काळी असलेलं वेगळं पेन खिशात असू द्या.

जपून ठेवायच्या मजकुरासाठी शाई निवडत असाल तर घाई करू नका. पेलिकन ४००१ रॉयल ब्लू सुरेख आहे, पण ती मुळात खोडता येणारी शाई. पाण्याचा थेंब पडला की अक्षर विरघळतं. उन्हात रंग किती उडतो हेही पाहा. एका कार्डावर जांभळट निळ्या आणि पोपटी अशा दोन्ही रंगांच्या ओळी लिहा, कार्डाचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाका आणि महिनाभर ऊन येणाऱ्या खिडकीत ठेवा. मग पुठ्ठा काढून दोन्ही अर्धे भाग शेजारी शेजारी बघा आणि बाटली मागवायची की नाही ते तेव्हा ठरवा.