पऱ्हाटीनं माना टाकायच्या आधी चर काढा

कास्तकार बंधूंनो, उघाड (पावसाचा खंड) लांबली आहे. वावरातल्या भेगेत चार बोटं जायला लागली की मला पावसाची धास्ती वाटते. अशा वेळी एक दांडगा पाऊस पडतो, मागून कडक ऊन निघतं आणि दोन दिवसांत उभी पऱ्हाटी (कपाशी) माना टाकते. हाच आकस्मिक मर. पोळ्याच्या सुमारास कळमेश्वर, हिंगणा भागात मी तो दरवर्षी पाहतो. त्या वावरांत पाणी काढून देणारा चर नसतो.

उघाडीत झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं, त्यानं स्नर्क-2 नावाची किनेज प्रथिनं जागी होतात. किनेज दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट जोडून त्याचं काम चालू-बंद करतं. पानांची रंध्रं अशीच मिटतात, पाणी वाचतं. पाणी तुंबलं की मुळांचा प्राणवायू तुटतो. मग स्नर्क-1 नावाचं दुसरं किनेज वाढ रोखून साखर जपतं. पण बोंडांनी लगडलेल्या झाडाला ही सोय पुरत नाही. पानं पाणी मागतात, गुदमरलेली मुळं ते ओढत नाहीत.

मागे एका वावरात सुकलेलं झाड उपटायला दोघं लागलो. मुळी पांढरी, साल शाबूत. मूळकूज असती तर झाड सहज हातात आलं असतं. तरी त्या भावानं दुकानातून महागडं बुरशीनाशक आणि 'किनेज चालू करणारं' टॉनिक आणलं होतं. किनेज झाडाच्या पेशीतच असतात. चिखलात बुडालेल्या मुळीला बाटलीतून हवा मिळत नाही.

आजच डवऱ्याच्या (कोळप्याच्या) जानोळ्याला, म्हणजे पातं धरणाऱ्या दांड्याला, दोरी गुंडाळून सऱ्या पाडा, उताराकडचा धुरा (बांध) फोडून चर मोकळा करा. ओलिताची सोय असेल तर भेगाळलेल्या वावराला एकदम भरपूर पाणी देऊ नका, हलकं द्या.

बाकी कामं:
- तूर, सोयाबीन: साचलेलं पाणी काढा.
- संत्रा: बुंध्याशी पाणी नको.
- गुलाबी बोंडअळी: हेक्टरी 5 कामगंध सापळे.

झाडं सुकू लागलीच तर आधी पाणी काढा. मग 10 लिटर पाण्यात युरिया 200 ग्रॅम, पांढरा पोटॅश 100 ग्रॅम, कॉपर ऑक्सिक्लोराईड 25 ग्रॅम मिसळून झाडामागे 100 मिली आळवणी करा (बुंध्याशी ओता), तीही 24 तासांच्या आत. तांबं मराचा इलाज नाही, कमजोर मुळीवर बुरशी चढू नये म्हणून आहे. माझ्या पाहण्यात सगळ्यात खोलगट ओळीतली झाडं आधी जातात, म्हणून आळवणी तिथूनच सुरू करा आणि लगेच बुंध्याची माती पायानं दाबून घ्या.