एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह आलाय? या चुका टाळा

इंदूरच्या मराठी घरांत, रामबाग असो की लोकमान्यनगर, एकाचा रिपोर्ट आला की संध्याकाळपर्यंत तो पुण्याच्या मावशीकडेही पोचलेला असतो. मग फोन सुरू: ‘आता मुलांचीही टेस्ट करून घे गं.’

लगेच धावू नका. एचएलए-बी२७ हा आजार नव्हे, आपल्या प्रतिकारशक्तीच्या एका जनुकाचा प्रकार आहे. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसशी, म्हणजे कण्याच्या सांध्यांना सूज आणणाऱ्या संधिवाताशी, त्याचं नातं १९७३ साली उघड झालं. तरीही तो असलेल्या शंभरांतल्या नव्वदहून जास्त लोकांना हा आजार कधीच होत नाही. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांत आजार असेल तर धोका वाढतो, हे खरं. पण ज्याला काही त्रासच नाही त्याचं रक्त तपासून हाती लागते ती फक्त काळजी.

उलट चूक जास्त महागात पडते. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून दुखणं झटकून टाकायचं, किंवा सगळा दोष स्कूटर आणि खड्ड्यांवर ढकलायचा! हा आजार असलेल्या काहींमध्ये बी२७ नसतोच. म्हणून लक्षणं नीट सांगा. चाळिशीच्या आत सुरू झालेलं, तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं कंबरदुखणं. पहाटे जाग आणणारी कळ. उठल्यावर अर्धा तास तरी आखडलेली पाठ. आणि मुख्य म्हणजे पडून राहिल्यावर वाढणारा, हिंडल्याफिरल्यावर कमी होणारा त्रास. असं असेल तर संधिवाततज्ज्ञ गाठा. एक्स-रेत बदल दिसायला वर्षं लागू शकतात, एमआरआयमध्ये ते आधी दिसतात.

सीआरपी, म्हणजे शरीरात सूज असली की रक्तात वाढणारा एक घटक, त्याचंही तसंच. व्हायरल ताप चालू असताना तपासलं तर तो वाढलेला येऊ शकतो. शिवाय त्याच्या जनुकातल्या बारीक फरकांमुळे धडधाकट माणसांतही पातळी थोडी कमीजास्त असते. आणि कणा आतून धुमसत असतानाही सीआरपी नॉर्मल येऊ शकतो.

थुंकीची नळी पाठवून मिळणाऱ्या जनुकीय रिपोर्टांवर माझा फारसा भरवसा नाही. त्यांमागचा बराचसा अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेला आहे. उदाहरणार्थ, क्रोन्स या आतड्यांच्या सुजेच्या आजाराशी जोडलेले एनओडी२ जनुकातले बदल २००१ साली सापडले. युरोपात ते बऱ्याच रुग्णांत आढळतात, भारतीयांत क्वचितच.

एक गोष्ट मात्र अजिबात अंगावर काढू नका. कंबरदुखीच्या रुग्णाचा एक डोळा अचानक लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, तर मेडिकलवरून थेंब आणून घालत बसू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि पाठीचं दुखणंही त्यांच्या कानावर घाला.