घोडीची तपासणी: मागे डॉक्टर, पुढे आपण

घोडी गाभण आहे का हे डॉक्टर मागून, गुदद्वारातून आत हात घालून बघतात. ते येणार असले की मी आधी खोडा, म्हणजे तिला उभं करायची चौकट, तपासतो. कुठे खिळा वर आलाय का, पाय घसरतोय का. आणि चार-पाच दिवस आधीपासून तिला नुसतंच आत नेतो, मूठभर चारा देतो, बाहेर काढतो. मग ऐन वेळी ती बिचकत नाही.

शिंगरू सोबत असेल तर ते तिच्या तोंडापाशी, दिसेल असं धरा. आम्ही एकदा ते दुसरीकडे कोंडलं. घोडीने असं थैमान घातलं की डॉक्टरांना हात काढून घ्यावा लागला, मागची फळी चिरली ती वेगळीच. चूक आमचीच.

शेपटी पट्टीने गुंडाळून बाजूला घ्या. हातमोज्याबरोबर केस आत गेला तर कापतं. दोर खांबाला बांधू नका, हातात ठेवा, आणि डॉक्टर ज्या बाजूला त्याच बाजूला उभे राहा. बिथरली तर डोकं आपल्याकडे ओढायचं, म्हणजे पुठ्ठा त्यांच्यापासून लांब जातो.

ती कुंथली की डॉक्टर थांबतात. तेव्हा ‘झालं का?’ विचारू नका. घाईत आतडं फाटलं तर तिच्या जिवावर बेततं. ती शांत राहावी म्हणून नाकाला, म्हणजे वरच्या ओठाला, चाप लावलाच तर थोडाच वेळ. कान मात्र कधीच पिळू नका, पुढे डोक्याला हात लावू देत नाही. गुंगीचं इंजेक्शन डॉक्टरच ठरवतील. ते दिलं तर गुंगी पुरती उतरेपर्यंत चारा नाही, घशात अडकतो.