स्तनांची तपासणी: घरी, आरोग्य केंद्रात आणि मॅमोग्राफीच्या खोलीत

भारतातील स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. लवकर निदान झाल्यास तो बरा होण्याची शक्यता खूप मोठी असते, तरीही आपल्याकडे अनेक स्त्रिया गाठ बरीच वाढल्यानंतरच डॉक्टरांकडे येतात. घरकाम, संकोच आणि खर्चाची धास्ती ही कारणे आहेतच; पण सर्वांत घातक आहे तो ‘दुखत नाही, म्हणजे काही नसेल’ हा समज. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. याउलट पाळीच्या आधी दोन्ही स्तन जड होऊन ठणकतात, ते बहुतेक वेळा संप्रेरकांच्या चढउतारामुळे असते. म्हणून गाठ हाताला लागली की ती दुखण्याची वाट पाहू नये.

आपले स्तन नेहमी कसे दिसतात आणि हाताला कसे लागतात, याची ओळख प्रत्येक स्त्रीला असावी. पाळी सुरू झाल्याच्या दिवसापासून मोजून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान स्तन सैल असतात, तेव्हा तपासणे सोयीचे पडते; पाळी बंद झालेल्या स्त्रियांनी महिन्यातील एखादी तारीख ठरवून घ्यावी. आधी आरशासमोर उभे राहून, हात खाली सोडून, मग डोक्यावर धरून आणि शेवटी कमरेवर दाबून दोन्ही बाजू पाहाव्यात, कारण त्वचेला पडलेली खळी कित्येकदा हात वर केल्यावरच दिसते. त्यानंतर उताणे झोपून, ज्या बाजूचा स्तन तपासायचा त्या खांद्याखाली उशी घेऊन, विरुद्ध हाताची मधली तीन बोटे सपाट ठेवावीत आणि पेरांच्या मऊ भागाने लहान लहान गोल फिरवावेत. प्रत्येक जागी आधी हलका, मग मध्यम आणि मग बरगडी जाणवेल इतका दाब द्यावा. गळ्याजवळच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत आणि काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत वर-खाली पट्टे घेत जावे; काख मुळीच सोडू नये. बोटांच्या टोकांनी चिमटीत धरले तर नेहमीचे ऊतकही गाठीसारखे लागते आणि उगाच भीती बसते.

नवी गाठ किंवा काखेतील गाठ, आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून आपोआप येणारा रक्तमिश्रित किंवा पाण्यासारखा स्राव, संत्र्याच्या सालीसारखी जाडसर झालेली त्वचा, स्तनाग्रावरची न भरणारी खपली, किंवा एकाच स्तनाचा बदललेला आकार, यांपैकी काहीही आढळल्यास पुढच्या पाळीपर्यंत थांबू नये आणि लेप, शेक, मालिश यांत वेळ घालवू नये. अंगावर पाजणाऱ्या मातेच्या स्तनातील गाठ बहुधा दूध साचल्याने होते. परंतु उपचारानंतरही ती दोन आठवड्यांत विरली नाही, तर सोनोग्राफी करून घ्यावी. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही तितकेच खरे आहे. मात्र तो निवाडा घरी करता येत नाही.

केवळ स्वतः तपासल्याने मृत्यू कमी होतात असे सिद्ध झालेले नाही. शांघायमधील लाखो महिला कामगारांच्या अभ्यासातून हेच दिसले. त्यामुळे घरची तपासणी ही प्रशिक्षित हातांच्या तपासणीला पर्याय नव्हे. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून ३५ ते ६४ वयोगटातील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील एका गटातील स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. त्या गटात आजार आधीच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी आढळले. त्याहून तरुण स्त्रियांमध्ये तशी घट दिसली नाही. यंत्राविना, नुसत्या शिकलेल्या हातांनी एवढे साधले, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांपुढील स्त्रियांची अशी तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत होते. आशाताई घरी येऊन सी-बॅक फॉर्म (आजारांच्या जोखमीची प्रश्नावली) भरतात, तेव्हा घरातील कोणाला कर्करोग झाला होता का, हे लपवू नये. आई, बहीण किंवा मावशीला कमी वयात स्तनाचा अथवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला असेल, तर तपासण्या केव्हा सुरू कराव्यात आणि जनुकीय चाचणी हवी का, हे तज्ज्ञांना विचारावे.

मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, साधारण चाळिशीनंतर, डॉक्टरांच्या सल्ल्याने एक-दोन वर्षांच्या अंतराने करतात. तरुण वयात स्तन घट्ट असल्याने तिच्यात गाठ झाकली जाऊ शकते, म्हणून तिथे सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते. तपासणीच्या दिवशी काखेत वा छातीवर पावडर, डिओडरंट लावू नये, कारण त्याचे कण फिल्मवर संशयास्पद ठिपक्यांसारखे उमटतात. साडी किंवा सलवार-कमीज असा दोन भागांतला पोशाख असावा, म्हणजे वरचेच कपडे काढावे लागतात. स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबला जातो. थोडे दुखते, पण इजा होत नाही, आणि किरणांचे प्रमाण अत्यल्प असते. गरोदर असल्यास किंवा तशी शंका असल्यास आधीच सांगावे.

अहवालात बायरॅड्स असा, कर्करोगाचा संशय किती आहे हे सांगणारा आकडा असतो. १ आणि २ म्हणजे चिंतेचे कारण नाही, ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी पण साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे, ४ किंवा ५ असल्यास सुईने तुकडा काढून बायोप्सी करावी, आणि ० म्हणजे चित्र अपुरे असून आणखी तपासणी लागेल. हाताला स्पष्ट गाठ लागत असेल, तर मॅमोग्राफी स्वच्छ आली तरी पाठपुरावा सोडू नये. सुई लावल्याने कर्करोग पसरतो या भीतीपोटी बायोप्सी टाळणाऱ्या स्त्रिया मोलाचा वेळ गमावतात. संशयास्पद गाठ बायोप्सीआधीच कापून काढायला कोणी सांगत असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे, कारण आजाराचा प्रकार कळल्यावरच आधी औषधे की आधी शस्त्रक्रिया हे ठरते. उपचार लागलेच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचा समावेश आहे. संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून कागदपत्रांची माहिती घ्यावी. जुन्या फिल्म आणि अहवाल मात्र फेकू नयेत, पुढच्या तपासणीच्या वेळी तुलनेसाठी ते सोबत न्यावेत.