सार्वजनिक प्रश्नावर खेळ कसा रचावा

सर्वप्रथम, तो प्रश्न कोणाच्या कोणत्या निर्णयामुळे चिघळतो, हे एका वाक्यात लिहून काढावे. ‘पाणीटंचाई’ हा केवळ विषय झाला. ‘प्रत्येकाने आपापल्या सोयीने उपसा वाढवला, की सर्वांचेच भूजल आटते’ या वाक्यातून मात्र खेळ उभा राहतो.

हे वाक्य पत्त्यांवर सुविचारासारखे छापू नये, ते नियमांत उतरवावे. चार खेळाडूंच्या मधोमध ४० सोंगट्यांचा सामाईक साठा ठेवावा. प्रत्येक फेरीत खेळाडूने आपली मागणी, जास्तीत जास्त पाच सोंगट्यांची, चिठ्ठीवर गुप्तपणे लिहावी. वाटपानंतर जेवढा साठा उरेल त्याच्या निम्म्या सोंगट्या त्यात घालाव्यात, पण एकूण संख्या ४० च्या वर जाऊ देऊ नये. सर्वांची एकूण मागणी साठ्याहून जास्त झाली, की खेळ तिथेच संपतो. सर्वांनी पाच-पाच मागितल्यास ही वेळ तिसऱ्याच फेरीत येते. तीन-तीन मागितल्यास साठा कधीच घटत नाही. हे गणित खेळाडूंना आधी मुळीच सांगू नये.

पहिला डाव बोलण्यास मनाई ठेवून खेळावा, दुसऱ्यात चर्चेची, करारांची आणि दंड ठरवण्याची मोकळीक द्यावी. २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांतही, नुसत्या आपापसांतील बोलण्याने सहकार्य ठळकपणे वाढल्याचे दिसले होते. माझ्या मते दोन डावांमधला हा फरक हाच खेळाचा गाभा आहे.

जिंकण्याची अट विशेष जपून ठरवावी. लिझी मॅगी यांनी १९०४ मध्ये पेटंट घेतलेला ‘द लँडलॉर्ड्स गेम’ जमिनीच्या मक्तेदारीचे दुष्परिणाम दाखवण्यासाठी होता; पण त्यातूनच पुढे आलेल्या ‘मोनोपॉली’त इतरांना दिवाळखोर करणारा विजेता ठरतो, आणि मूळ टीका बहुतेकांना ठाऊकही नसते.

नियोजनासाठी खेळ वापरायचा असेल, तर निर्णय घेणारे अधिकारी सुरुवातीपासून सोबत हवेत. संयुक्त राष्ट्रांचा अधिवास कार्यक्रम २०१२ पासून ‘माइनक्राफ्ट’ या ठोकळे रचण्याच्या संगणकीय खेळाच्या साहाय्याने रहिवाशांकडून सार्वजनिक जागांचे आराखडे करून घेत आला आहे. असे आराखडे पुढे कोणाकडे जाणार आणि त्यांवर निर्णय कधी होणार, हे सहभागींना खेळापूर्वीच सांगावे.

खेळाइतकाच वेळ नंतरच्या चर्चेला राखावा, आणि तिची सुरुवात ‘तुम्ही पाच का मागितल्या?’ अशा साध्या, दोष न देणाऱ्या प्रश्नाने करावी.