कार्टून तट्टू काढताना या चुका टाळा

कार्टूनमधले तट्टू सोपे असते, अशा समजुतीने येणारे नवशिके पहिल्या दिवशी थेट डोळे रंगवायला बसतात आणि मागच्या पायांपाशी येऊन अडतात.

मागच्या पायाच्या मध्यावर जो सांधा मागे टोक काढून असतो, त्याला बहुतेक जण गुडघा समजतात आणि गुडघा पुढेच वाकायला हवा म्हणून त्याची दिशा बदलून टाकतात. वास्तविक ती टाच असते. खरा गुडघा वर पोटालगत दडलेला असतो, आणि घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो. खूर म्हणजे त्या बोटाचे नख. पुढच्या पायात आपण ज्याला गुडघा म्हणतो, ते त्याचे मनगट.

हे मला उशिराच कळले. मुलांच्या एका पुस्तकासाठी मी तट्टाची आठ चित्रे शाई फिरवून पूर्ण केली होती. पुढच्याच आठवड्यात माथेरानला एका झाडाखाली त्याच पद्धतीने रेखाटन करत बसलो असताना मागे उभ्या असलेल्या घोडेवाल्याने विचारले, “साहेब, याला माणसाचे पाय का लावलेत?” शाई खोडता येत नाही, त्यामुळे आठही चित्रे पुन्हा काढावी लागली. तेव्हापासून पाय काढण्यापूर्वी मी स्वतः चवड्यांवर उभा राहतो, टाच कुठे आली ते पाहतो आणि कागदावर गुडघा, टाच व खूर असे तीन ठिपके देऊनच रेघ ओढतो. विद्यार्थी हसतात, परंतु चवड्यांवर उभे राहिलेल्यांचे पाय सहसा चुकत नाहीत.

डोळ्यांची घाई हा दुसरा रोग. पापण्या, चमक, सारे काही मन लावून झाल्यावर त्या डोळ्याभोवती डोके बसवण्याची केविलवाणी धडपड सुरू होते. आधी कवटीचा गोल, मग तोंडाचा छोटा गोल, आणि डोळे सर्वांत शेवटी. चेहरा किंचित वळलेला असेल तर पलीकडचा डोळा अरुंद दिसतो. अलीकडच्या डोळ्याची नक्कल उलटी करून तेथे चिकटवणे ही चित्रे काढण्याच्या ॲपने लावलेली वाईट खोड आहे.

आयाळ केसाकेसाने काढू नये. आधी तिचा एकसंध आकार ठरवावा. ती मानेच्या वरच्या कडेवरून उगवते, पाठीवरून नव्हे.

तट्टू म्हणजे आक्रसलेला घोडा नव्हे. खांद्यापाशी साधारणतः १४७ सेंटिमीटरपर्यंत उंच असणाऱ्या या जनावराचे पाय धडाच्या मानाने आखूड आणि मान जाड असते.

छापील चित्र गिरवून हात बसतो, हे मला मान्य आहे. मात्र गिरवलेले तट्टू मान वळवायला सांगितले की जागचे हलत नाही. म्हणून पहिला महिना मी खोडरबर काढून घेतो आणि बॉलपेनने रोज वीस तट्टे काढायला लावतो. चित्र झाले की कागद उलटा करून खिडकीच्या उजेडात धरायचा. कललेले डोके मागच्या बाजूने लगेच दिसते.