परदेशात सायकॉलॉजीची पीएचडी: अर्ज भरताना या चुका टाळा

एमएला फर्स्ट क्लास, टोफेलला उत्तम गुण, आणि तरी अमेरिकेतल्या एकूण एक विद्यापीठाचा नकार. बडोद्यातल्या हुशार मुलामुलींच्या बाबतीत हे घडतं तेव्हा वाईट वाटतं, कारण खोट बहुतेकदा मुलांत नसते. अर्ज कॉलेजच्या ॲडमिशनसारखा भरलेला असतो. तिकडे पीएचडीची जागा म्हणजे एखाद्या प्राध्यापकाच्या लॅबमध्ये पाच-सहा वर्षांचं काम. तिथे मेरिट लिस्ट लागत नाही. माझ्या प्रश्नावर माझ्यासोबत कोण काम करू शकेल, एवढंच तो प्राध्यापक बघत असतो.

म्हणून विद्यापीठांच्या रँकिंगवरून यादी करू नका. वाचलेल्या कोणत्या शोधनिबंधांनी तुम्हाला विचारात पाडलं ते आठवा आणि ते लिहिणारी माणसं आज कुठे आहेत ते शोधा. येत्या वर्षी नवा विद्यार्थी घेणार की नाही, हे बरेच प्राध्यापक आपल्या पानावर लिहून ठेवतात. घेणार नसतील तिथे अर्जाची फी भरणं म्हणजे पैसे वाया घालवणं. फीमाफी अनेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांना मिळतच नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये चार-पाच वाक्यांची मेल पाठवा, त्यांच्या एखाद्या कामाशी तुमचं काम कुठे जुळतं ते सांगणारी. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ म्हणत पन्नास जणांना पाठवलेली मेल लगेच ओळखू येते. आणि ही यादी अलकापुरीतल्या एजंटकडून करून घेऊ नका. मास्टर्सच्या कोर्ससाठी तो उपयोगी पडेलही, पण हे जुळवणं तुमचं तुम्हीच करायचं असतं.

स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये, म्हणजे पीएचडी का करायची ते सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निबंधात, सगळ्यात जास्त नुकसान होतं. ‘आजीचा आजार जवळून पाहिला तेव्हाच ठरवलं’, ‘मला लोकांना मदत करायची आहे’. भावना खऱ्या असतात, मला त्याबद्दल शंका नाही. पण २००६ साली ॲपलबी आणि ॲपलबी या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या सायकॉलॉजीच्या प्रवेश समित्यांच्या प्रमुखांना विचारलं होतं की चांगला अर्ज कशामुळे बुडतो. उत्तरांत स्वतःच्या मानसिक आजाराची सविस्तर हकीगत आणि अति परोपकाराची भाषा, दोन्ही होत्या. समितीला त्या कागदात संशोधक दिसायला हवा. प्रबंधासाठी एखादी प्रश्नावली गुजरातीत आणली असेल, तर भाषांतर कसं तपासलं, कोणतं विधान वगळलं, का वगळलं, आणि आज पुन्हा केलंत तर काय वेगळं कराल, ते लिहा. असा एक परिच्छेद पानभर ध्येयवादापेक्षा जास्त काम करतो. ब्रिटनमध्ये मात्र अनेकदा तुमच्याकडून पूर्ण रिसर्च प्रपोजल मागतात. तोच कागद दोन्हीकडे पाठवू नका.

शिफारसपत्रं सहसा तीन लागतात. आपल्याकडची पत्रं कॅरॅक्टर सर्टिफिकेटसारखी असतात: सिन्सिअर, पंक्चुअल, ओबीडियंट. अशा पत्राने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. विभागप्रमुखांचं नाव मोठं म्हणून त्यांच्याकडे जाऊ नका. ज्या मॅडमनी तुमचा डेटा तुमच्यासोबत बसून पाहिला, त्यांच्याकडे जा. ‘तूच लिहून आण, मी सही करते’ असं त्या म्हणाल्या, तर तिन्ही पत्रांत तुमचीच शैली उतरते आणि वाचणाऱ्याला ते जाणवतं. त्याऐवजी तुम्ही काय केलं, कुठे अडलात, कसं सोडवलं याचे मुद्दे त्यांना एका पानावर द्या आणि मजकूर त्यांनाच लिहू द्या. पत्र संस्थेच्या ईमेलवरून जाईल असं बघा. फॉर्ममध्ये पत्र पाहण्याचा हक्क सोडता का, असं विचारतात, तिथे हो म्हणा. नाही म्हटलं की पत्राचं वजन कमी होतं.

आता पैशांचं, आणि इथे कुणी स्पष्ट बोलत नाही. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले. आज चांगल्या पीएचडीत विद्यापीठच फी माफ करून स्टायपेंड, म्हणजे राहण्या-खाण्याचा खर्च, देतं. सायडी (PsyD) ही संशोधनापेक्षा उपचारांवर भर देणारी वेगळी पदवी आहे, तिथे बहुतेकदा कर्जच काढावं लागतं. नावं सारखी वाटतात म्हणून फसू नका. पण क्लिनिकलला, म्हणजे मानसिक आजारांचं निदान आणि उपचार यांच्या शाखेला, परदेशी विद्यार्थ्यांसाठी आणखी अडथळे आहेत. एनआयएच या अमेरिकी सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या टी-३२ ट्रेनिंग ग्रँटचा (संशोधक घडवण्यासाठीच्या अनुदानाचा) पैसा फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतो. पदवीआधीची इंटर्नशिप माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत करायची तर नागरिकत्व लागतं, आणि त्या जागा थोड्याथोडक्या नाहीत. म्हणून क्लिनिकलला अर्ज करण्याआधी विभागाला सरळ विचारा: अलीकडे किती परदेशी विद्यार्थी घेतले, त्यांना पैसा कुठून मिळतो? मनातला प्रश्न कॉग्निटिव्ह, सोशल किंवा डेव्हलपमेंटलमध्ये बसत असेल, तर तिकडे रस्ता बराच मोकळा असतो. थेरपीच करायची असेल, तर पीएचडी लागते का, हेही आधी नीट तपासा.

कागदपत्रांत दोन अडचणी खास आपल्याकडच्या. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर मांडणी वेगळी. सगळे फॉर्म पासपोर्टप्रमाणे भरा, टोफेलच्या नोंदणीसकट. दुसरी, कॅलेंडरची. बऱ्याच विभागांची शेवटची तारीख १ डिसेंबरच्या आसपास असते आणि आपल्याकडे नवरात्रापासून लाभपंचमीपर्यंत काम संथ चालतं. ट्रान्सक्रिप्टचा (विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकाचा) अर्ज जुलैत करा, शिफारसपत्रांच्या लिंक दिवाळीच्या सुटीआधी पाठवा. टक्क्यांचं जीपीए (अमेरिकी पद्धतीची गुणसरासरी) स्वतः करू नका, जसे आहेत तसे लिहा. जीआरई ही प्रवेशपरीक्षा अनेक विभागांनी बंद केली, काही अजून मागतात. खात्री विभागाच्या पानावरच करा.

मुलाखती साधारण जानेवारी-फेब्रुवारीत होतात. ऑफर आली की घरचे म्हणतील, लगेच हो म्हण. थांबा. अमेरिकेतल्या ज्या विद्यापीठांनी कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स या विद्यापीठांच्या संघटनेच्या ठरावावर सही केली आहे, त्यांनी आर्थिक मदतीसह दिलेल्या ऑफरवर तुम्हाला १५ एप्रिलपर्यंत विचार करता येतो. त्याआधी कुणी घाई केली, तर त्या ठरावाचा उल्लेख करून नम्रपणे मुदत मागा. स्टायपेंड किती वर्षांचा, उन्हाळ्यात मिळतो का, आरोग्य विमा त्यात आहे का, ही उत्तरं तेवढ्या दिवसांत लेखी घ्या.